साहेबांना कळणार नाही ना?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राचा प्रमुख. चौदा माणसं, त्यातली नऊ कंत्राटी. उन्हाळ्यात एका विहिरीतून दोन लहान बहिणींचे मृतदेह काढले. खाली उतरलेला आमचा फायरमन तेव्हापासून नीट झोपत नाही. विहिरीची वर्दी (मदतीसाठीचा फोन) आली की त्याचे हात थरथरतात. हल्ली पितो असंही कानावर येतं. समुपदेशक बोलावले, सगळ्यांनी 'बरं शे' (बरं आहे) म्हणून सह्या केल्या आणि उठले. आता ज्यांच्याशी मनातलं बोलता येईल आणि ते गुप्त राहील, असे साथी आपल्याच माणसांतून नेमायचं ठरतंय. साहेबांना दर महिन्याला अहवाल हवा आहे. हे खरंच गुप्त राहतं का? सुरुवात कुठून करू?"

भाऊ, योजना जरा बाजूला राहू द्या, आधी त्या फायरमन मुलाचं बघू. तुम्ही उन्हाळा म्हणता, म्हणजे महिना केव्हाच उलटला. अशा प्रसंगानंतर झोप उडणं, तेच चित्र डोळ्यांपुढं येणं, घरात विनाकारण चिडणं, ताटावरून उठून जाणं, हे पहिले काही आठवडे पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिन्यानंतरही ते टिकून असेल, वर दारूची भर पडली असेल, तर ते साथीच्या आवाक्यातलं राहिलं नाही. त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवायला हवं. साथीनं त्याच्याबरोबर गाडीवर मागं बसून तिथवर जायचं. योजना मंजूर होईपर्यंत यासाठी थांबू नका.

दारूचं मात्र वेगळं. तो ड्युटीवर पिऊन येत असेल, तर ते तुम्ही प्रमुख म्हणून त्याला समोर बसवून सरळ बोलायचं. दोर धरणारा किंवा बंब चालवणारा प्यालेला आहे, हे कुठल्याही साथीनं पोटात ठेवायचं गुपित नव्हे. विहिरीची वर्दी आली की काही दिवस त्याला वर दोरावर ठेवा, खाली दुसरा उतरू द्या. हे सगळ्यांसमोर जाहीर करू नका, रजिस्टरमध्ये कारण लिहू नका. आणि त्याला एकट्याला सांगा, की डॉक्टरकडे गेलास म्हणून तुझं कंत्राट जाणार नाही. हे वाक्य खरं करून दाखवणं तुमच्या हातात नसेल, तर आधी वरून तसा शब्द घ्या आणि मगच बोला.

मी कोण, तेही सांगतो. मी बीएएमएस. आपल्या राज्यात २०१४ च्या जानेवारीत १०८ ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, त्या पहिल्या वर्षापासून धुळे-शिरपूर पट्ट्यात महामार्गावर रात्रपाळ्या केल्या. मानसोपचारतज्ज्ञ नाही. गेली काही वर्षं बंबवाले, १०८ चे पायलट (चालक) आणि डॉक्टर, पोलिस अशांमधून साथी निवडून त्यांना तयार करायचं काम करतो. त्यात मी स्वतः केलेल्या चुका जास्त आहेत, म्हणून उत्तर लांबणार.

तुमचा खरा प्रश्न एकच आहे, गुप्त राहतं का. आपल्याकडे गुपित फाइलीतून क्वचित फुटतं, मोटरसायकलवरून फुटतं. अमळनेरच्या फायरमनची गाडी समुपदेशकाच्या दारात पंधरा मिनिटं उभी राहिली, तर संध्याकाळी त्याच्या सासुरवाडीहून फोन येतो. १०८ वाल्याचं तर आणखी कठीण. सिव्हिलच्या ज्या दारातून तो रोज स्ट्रेचर ढकलत जातो, त्याच दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपर काढून रांगेत उभं राहायचं? वॉर्डबॉयपासून सिस्टरपर्यंत सगळे विचारणार, "डॉक्टर, तुम्ही इकडं कसे?" माझ्याबरोबरचा एक पायलट या एका वाक्याला भिऊन दीड वर्ष गेला नाही. शेवटी मी त्याला दुसऱ्या जिल्ह्यात घेऊन गेलो. जाताना आम्ही घरी 'लग्नाचा बस्ता बघायला चाललो' असं सांगितलं होतं.

म्हणून पहिला नियम असा करा, की प्रत्येकाला साथी निवडायला दोन वाटा हव्यात. एक आपल्या केंद्रातला, आणि एक दुसऱ्या गावचा, जमल्यास दुसऱ्या खात्यातला. अमळनेरच्या माणसाला चोपड्याचा, दोंडाईच्याच्या माणसाला शहाद्याचा. बंबवाल्याला १०८ चा पायलट चालतो, कारण रस्त्यावर दोघं एकाच रक्तात उभे राहिलेले असतात आणि तरीही एक दुसऱ्याची ड्युटी लावत नाही. ज्याच्या हातात हजेरी, रजा, बदली किंवा मुदतवाढ आहे, तो साथी होऊ शकत नाही. तुम्हीसुद्धा नाही, भाऊ, कितीही प्रेमळ असलात तरी.

दुसऱ्या गावचा साथी हवा, याचं आणखी एक कारण आहे आणि ते मोठ्या शहरांतल्या पुस्तकांत सापडत नाही. तिथला फायरमन ज्याला बाहेर काढतो, तो बहुधा त्याच्या ओळखीचा नसतो. आपल्याकडे असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि रावेरकडचे मजूर त्याखाली गेले. अशा ठिकाणी मदतीला धावणाऱ्याला चादर उचलताना पोटात गोळा येतो तो 'किती जण' याचा नव्हे, 'कोण कोण' याचा. तुमच्या त्या विहिरीवर मुलींचा बाप उभा होता का, तो तुमच्या फायरमनला नावानं ओळखतो का, बाजारात भेटतो का, हे विचारून बघा. झोप बहुतेक तिथं अडकलेली असते. आणि त्याच गावच्या साथीशी हे बोलणं जड जातं, कारण साथीही त्या दहाव्याला गेलेला असतो.

आता माझी चूक. सुरुवातीच्या दिवसांत एका ठिकाणी आम्ही चार साथी तयार केले आणि मी शहाण्यासारखी एक वही ठेवली. तारीख, नावाचं पहिलं अक्षर, 'झोप', 'घरगुती', 'दारू' असा एखादा शब्द. मला वाटलं, पहिल्या अक्षरावरून काय कळणार? वीस माणसांच्या ठिकाणी सगळं कळलं. वही टेबलावर राहिली, कोणीतरी चाळली, आणि आठवड्याभरात एका कंत्राटी पोराला चहाच्या टपरीवर 'मेंटल' म्हणून हाक बसली. त्यानं काम सोडलं. चारही साथींकडे त्यानंतर वर्षभर कोणी फिरकलं नाही, आणि बरोबरच केलं. त्या पोराची मी माफी मागितली. तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्हनं चुकनं नही, मीच बोलनू." ते अजून टोचतं.

तेव्हा नोंद ठेवायचीच नाही. वही नाही, मोबाइलमधली नोंद नाही, व्हॉट्सॲप ग्रुप तर मुळीच नाही. 'साथी ग्रुप' काढला की त्यात कोण सामील झालं, कोण बाहेर पडलं, हेच बातमी होतं. ऑनलाइन फॉर्म नको, सह्यांचं रजिस्टर नको, समुपदेशकाच्या मानधनाच्या बिलाला लाभार्थ्यांची यादी जोडणं तर नकोच नको. हे शेवटचं कुठं घडेल याचा अंदाज येत नाही. लेखा विभाग प्रामाणिकपणे यादी मागतो आणि कारकून प्रामाणिकपणे देतो. जो कागद तयारच झाला नाही, तो ना चौकशीत निघतो, ना माहितीच्या अधिकारात मागता येतो.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलतो, कारण इथं पुष्कळ प्रशिक्षक गोडगोड बोलून जातात. भारतीय साक्ष्य अधिनियमात वकील आणि अशील यांच्या बोलण्याला संरक्षण आहे, नवराबायकोच्या बोलण्याला आहे. साथीला नाही. उद्या एखाद्या घटनेची न्यायालयीन चौकशी लागली आणि साथीला साक्षीला बोलावलं, तर 'ते आमच्यातलं गुपित आहे' हे उत्तर चालणार नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय पोलिसांच्या साथी-समुपदेशनातलं बोलणं उघड करण्यावर बंदी आणणारा कायदा झाला, काही राज्यांत त्याआधीपासून होते. आपल्याकडे साथीसाठी तसं काही नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मधलं कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं, पण तो उपचार घेणाऱ्या रुग्णाला आणि उपचार करणाऱ्यांच्या बाबतीत.

यातून पळवाट नाही, पण वाट आहे. साथीनं घटनेचा तपशील विचारायचाच नाही. दोर कोणी बांधला, पंप कधी सुरू झाला, गाडी उशिरा का निघाली, हे साथीचं काम नाही. तो अहवालाचा विषय. साथी विचारतो ते नंतरचं: झोप, भूक, घर, हात थरथरणं, मनात येणारे विचार. समोरचा स्वतःहून 'खरं तर चूक माझी होती' असं सुरू करू लागला आणि चौकशी चालू असेल, तर साथीनं त्याला हळूच थांबवावं आणि वकिलाशी बोल म्हणावं. हे थांबवणं जड जातं. शिकवावं लागतं.

काही गोष्टी गुप्त राहणार नाहीत, त्या बोलणं सुरू होण्याआधी सांगायच्या. स्वतःच्या जिवाला धोका. दुसऱ्याच्या जिवाला धोका. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळणं, कारण पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हे ज्याला कळलं त्याला ते पोलिसांना कळवावंच लागतं. आणि नशेत ड्युटी. हे आधी सांगितलं तर माणूस बिथरेल अशी नव्या साथींना भीती असते. माझा अनुभव उलटा आहे. मर्यादा आधीच कळली की माणूस बाकीचं मोकळेपणानं बोलतो. 'काहीही सांग, कोणाला कळणार नाही' म्हणणाऱ्यावर खान्देशात कोणी विश्वास ठेवत नाही, कारण तसं म्हणणारा प्रत्येक गावात एक असतो आणि त्याच्या पोटात काय काय टिकतं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

आता साहेबांचा मासिक अहवाल. चौदा माणसांच्या केंद्रात 'या महिन्यात एक भेट' एवढं लिहिलं तरी नाव लिहिल्यासारखंच आहे. कोणत्या महिन्यात विहीर झाली हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून अहवाल एका केंद्राचा नसतो. पाच-सहा केंद्रं, जमलं तर १०८ ची मंडळीही धरून, सहा महिन्यांतून एकदा दोन आकडे द्यायचे: एकूण किती वेळा बोलणं झालं, आणि किती जणांना पुढं पाठवलं. साथी महिनाअखेर हे आकडे तोंडी एकाच माणसाला सांगतो, तो बेरीज करतो. साहेब ऐकत नसतील तर त्यांना विचारा, की तुम्हाला आकडा कशासाठी हवा आहे? योजना चालते का हे बघायला हवा असेल तर बेरीज पुरते. कोण 'कमकुवत' आहे हे बघायला हवा असेल, तर योजना सुरूच करू नये. मी एका ठिकाणी असंच सांगून परत आलो आहे.

साहेबांकडून अहवालाऐवजी एक सहीचं पत्र घ्या. त्यात तीनच वाक्यं पुरेत. साथीनं कोणाशी काय बोलणं केलं हे कोणीही अधिकारी तोंडी वा लेखी विचारणार नाही. साथीशी बोलल्यामुळे कोणाच्या ड्युटीवर, बदलीवर किंवा कंत्राटाच्या मुदतवाढीवर परिणाम होणार नाही. अपवाद वर सांगितलेले चार. पत्र केंद्रात भिंतीवर लावा. नऊ कंत्राटींसाठी त्यातलं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा मोठं आहे. कंत्राटदाराचा कारभार वेगळा असतो, म्हणून त्याचीही सही घ्या. ही सही मिळवायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

साथी निवडायचे कसे? 'कोणाला व्हायचंय' असं विचारू नका. हात वर करणारे निम्मे बोलके असतात आणि उरलेल्यांतल्या काहींना स्वतःलाच बोलायचं असतं. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्या आणि विचारा, "रात्री दोन वाजता फोन करायची वेळ आली, तर या लोकांतून कोणाला कराल? दोन नावं." चिठ्ठीवर स्वतःचं नाव नको. जी नावं पुन्हा पुन्हा येतात, ती साधारणपणे शांत, जरा वयस्क, गप्पांत मागं बसणारी माणसं निघतात. एका केंद्रात पहिलं नाव निघालं ते बंब धुणाऱ्या एका तात्यांचं. शिक्षण सातवी. त्यांना ते ऐकून रडू आलं. ज्याची स्वतःची जखम ताजी आहे त्याला यंदा घेऊ नका, युनियनच्या पुढाऱ्याला घेताना दोनदा विचार करा. २०१२ मध्ये सतरा देशांतल्या ब्याण्णव जाणकारांनी मिळून अशा साथी योजनांचे काही नियम सहमतीनं ठरवले. त्यातही हेच आहे: साथी त्याच कामातला हवा, सहकाऱ्यांचा मान असलेला हवा, आणि पाठीशी मानसोपचारातला जाणकार हवा.

प्रशिक्षण फार मोठं लागत नाही. दोन-तीन दिवस, आणि नंतर अधूनमधून उजळणी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. आमच्या लोकांना पहिलं आणि तिसरं लवकर जमतं. मधलं जमत नाही. आपण सगळे उपाय सांगणारे. बोलणारा पहिलं वाक्य संपवतो न संपवतो तोच आपलं सुरू: "अरे, आमच्या वेळी तर..." किंवा "दोन दिवस शिर्डीला जाऊन ये." साथीला मी पहिल्या दिवशी एकच घरचा अभ्यास देतो. घरी बायकोचं दहा मिनिटं ऐकायचं, मधे एकही सल्ला न देता. दुसऱ्या दिवशी तोंडं बघण्यासारखी असतात.

समोरासमोर खुर्च्या टाकून हे बोलणं होत नाही. पुरुष माणसं शेजारी शेजारी बोलतात: होज पाइप वाळत घालताना, टायरमधली हवा बघताना, टपरीवर रस्त्याकडं तोंड करून. आणि आपल्या बोलीत बोलतात. 'तुम्हाला कसं वाटतंय' असं प्रमाण मराठीत विचारलं की उत्तर तयारच असतं, 'बरं शे'. त्याऐवजी तात्या काय करतात ते मी पाहिलंय. ते गाडी पुसत पुसत म्हणतात, "रातले झोप लागस का रे?" आणि मग गप्प बसतात. दोन मिनिटं फडकं फिरत राहतं. मग तो पोरगा बोलतो. त्या दोन मिनिटांत न बोलणं, हेच आमच्या प्रशिक्षणाचं निम्मं काम.

एक सावधगिरी. मोठ्या घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना गोलात बसवून 'काय पाहिलं, काय वाटलं' बोलायला लावू नका. ही कल्पना १९८३ मध्ये अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी मांडली. ते स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या कामातून आलेले, हेतू चांगला होता आणि ती पद्धत जगभर पसरली. पुढं तपासणी सुरू झाली. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या १९९७ च्या एका अभ्यासात, ज्यांना असं एका बैठकीत बोलतं केलं त्यांच्यापैकी २६ टक्क्यांना तेरा महिन्यांनी आघाताचा आजार जडलेला दिसला. ज्यांना तसं केलं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के. २००२ मध्ये अशा सगळ्या अभ्यासांचा कॉक्रेन आढावा (वैद्यकीय अभ्यासांची एकत्र छाननी) निघाला. एका बैठकीनं आजार टळतो याला आधार नाही, असं त्याचं म्हणणं. मिचेल यांच्या बाजूचे म्हणतात, की आमची पद्धत रुग्णांसाठी नव्हतीच, काम करणाऱ्या तुकड्यांसाठी होती. त्यात तथ्य आहे. पण मी स्वतः एकदा असा गोल बसवला होता. अपघाताच्या वेळी एक नवा पोरगा लांब रस्त्यावर वाहतूक वळवत होता, त्यानं आत काहीच पाहिलं नव्हतं. गोलात बसून त्यानं सगळ्यांचं ऐकलं, आणि त्या रात्रीपासून त्याला न पाहिलेलं दिसायला लागलं. त्यानंतर मी गोल बंद केला.

त्याऐवजी ब्रिटनच्या नौदलातल्या रॉयल मरीन्स सैनिकांनी नव्वदच्या दशकात बसवलेली पद्धत मला आपल्या कामाला जवळची वाटते. आपल्याच तुकडीतला प्रशिक्षित माणूस घटनेनंतर तीनेक दिवसांनी एकदा आणि साधारण महिन्यानं पुन्हा एकदा, ठरलेले थोडे प्रश्न मनात धरून विचारपूस करतो. उत्तरांवरून त्रासाचा आकडा काढतो. महिन्यानं तो आकडा खाली आलेला नसेल, तर पुढं पाठवतो. यातला महिन्यानंतरचा फेरा आपण सगळे विसरतो. तिसऱ्या दिवशी सगळेच विचारतात, चहा पाजतात, पाठ थोपटतात. तिसाव्या दिवशी कोणी नसतं. साथीनं आपल्या मनाशी तारीख धरून ठेवावी. लिहायचं नाही, पण विसरायचंही नाही. आमचे साथी त्यासाठी चतुर्थी-एकादशीचा आधार घेतात. घटना संकष्टी चतुर्थीला झाली असेल तर पुढच्या संकष्टीला फोन.

पुढं पाठवायचं कुठं? धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव आणि नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, हे सरकारी रस्ते. यातला आपल्या रोजच्या वावरातला सोडून दुसरा निवडायचा. साथीनं आधीच एकदा स्वतः जाऊन यावं, कोणत्या वाराला ओपीडी असते, कोणत्या दारानं आत जायचं, गाडी कुठं लावायची हे बघून यावं. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि तिथं बोलायला कुठं गाडी उभी करावी लागत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तरी आपल्या बंबवाल्यांना माहीत नसतो. केंद्रात लिहून ठेवा, पण फक्त स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला. तिथं तो नंबर कोणीही न बघता मोबाइलमध्ये घेता येतो.

मरणाच्या विचारांबद्दल सरळ विचारायचं. "जीव द्यावा असं मनात येतं का?" हे विचारल्यानं विचार डोक्यात घुसतो, ही समजूत खोटी आहे. उलट कोणीतरी विचारलं याची सुटका होते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या एका माणसाला सांगायचं, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि आपल्या भागात एक गोष्ट न विसरता करायची. घरात कपाशीच्या फवारणीचं औषध कुठं ठेवलंय ते विचारून ते त्या घरातून हलवायचं, शेजारी नव्हे, दूरच्या नातेवाइकाकडे. पोलिस असेल तर त्याच्या हत्याराचं अधिकाऱ्याशी बोलावं लागेल. तिथं गुप्तता संपते, आणि तसं त्याला तोंडावर सांगायचं: "हे मी साहेबांना सांगणार आहे, तू माझ्याबरोबर चल."

ज्यांचा हिशेब कोणी धरत नाही त्यांचंही बघा. 'आपदा मित्र' म्हणून प्रशिक्षण घेतलेले तरुण, गावचे पट्टीचे पोहणारे. नदीकाठी पहिल्यांदा पाण्यात तेच उतरतात, आणि बॉडी वर आली की पंचनाम्याच्या गर्दीत त्यांना कोणी विचारत नाही. तुमच्या त्या विहिरीत बाज सोडायला गावातला कोणी उतरला होता का? त्यालाही तिसाव्या दिवशी फोन हवा. धडगाव-अक्कलकुव्याकडे तर रस्ता संपल्यावर झोळीतून बाळंतीण आणणारी आशाताई हीच पहिली मदत आहे. तिचा साथी पावरी-भिलोरी बोलणारा आणि शक्यतो बाईच हवी. माझ्यासारखा अहिराणी डॉक्टर तिथं कामाचा नाही, हे मी दोन फेऱ्यांनंतर मान्य केलं.

शेवटी साथींचं. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरेत बुडालेल्यांना शोधताना बोट उलटून धुळ्याच्या एसडीआरएफचे, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे, तीन जवान गेले. त्या आठवड्यात आमच्या साथींना आलेले फोन विहिरीचे नव्हते, अपघाताचे नव्हते. ओळखीचे, एकत्र सराव केलेले लोक गेले होते, आणि फोन घेणाराही त्याच धक्क्यात होता. साथीला साथी हवा, हे आम्ही तेव्हा शिकलो. आता महिन्यातून एकदा सगळे साथी एका मानसोपचारतज्ज्ञांबरोबर बसतात. नावं, गावं, खातं काही न सांगता फक्त 'मी कुठं अडकलो' एवढंच बोलतात. कोणत्याही साथीकडे एका वेळी दोनपेक्षा जास्त जड माणसं ठेवत नाही, आणि रात्रीचा फोन पाळीनं ठेवतो. तात्यांनी मागच्या वर्षी सहा महिने सुट्टी मागितली. दिली. परत आले.

तर तुम्ही उद्या एवढंच करा. त्या मुलाशी एकट्याशी बोला. परवा चिठ्ठ्या वाटा, डबा स्वच्छतागृहाजवळ ठेवा, दोन दिवसांनी उघडा. निघालेली नावं मला पाठवू नका. चौदांपैकी किती चिठ्ठ्या कोऱ्या आल्या, तेवढं फक्त कळवा. त्या आकड्यावरून ठरवू, की साथी आधी नेमायचे की साहेबांचं पत्र आधी आणायचं.